वर्षाचा अल्बम आणि कंसातला पालो

फ्लामेंको या दक्षिण स्पेनच्या गाण्या-गिटारच्या संगीताच्या जुन्या एलपीचं कव्हर उलटं केलं की बहुतेक वेळा प्रत्येक गाण्याच्या नावापुढे कंसात आणखी एक शब्द दिसतो. सोलेआ, बुलेरिया, सेगिरिया, तारांता. आपल्याकडे ख्यालाच्या तबकडीवर बंदिशीच्या पहिल्या ओळीशेजारी राग छापायचे, तसंच हे. त्या शब्दाला पालो म्हणतात. मात्रांचं चक्र, स्वरांची चौकट, कुठल्या गावच्या कुठल्या गायकाची चाल, असा सगळा ऐवज त्यात असतो. गाण्याचं नाव कवितेतून येतं, ते काहीही ठेवता येतं. पालो लिहिला की मात्र ऐकणाऱ्याला शब्द दिला.

दर डिसेंबरात ‘वर्षातला सर्वोत्तम फ्लामेंको अल्बम कोणता’ हा वाद पेटतो, तेव्हा हा कंसातला शब्द फारसा कुणी वाचत नाही. समीक्षक याद्या काढतात, पेन्यांमध्ये म्हणजे रसिकांच्या मंडळांत आवाज चढतात आणि दोन तट पडतात. एका तटाला गळा आणि गिटार यांच्यापलीकडे काही चालत नाही. बास आला, ड्रम आला की अल्बम बाद. दुसऱ्या तटाला नवेपणाखेरीज काही दिसत नाही. सोलेआ सोलेआसारखी गायली की ती शिळी. दोघंही वाद्यं मोजत बसतात. माझं म्हणणं असं की निवड जरूर करावी, पण ती कंसातल्या शब्दावर करावी. अल्बमने दिलेला शब्द पाळला का, आणि पाळताना त्या पालोत आजवर न ऐकलेलं काही केलं का, एवढंच विचारावं.

शब्द पाळणं म्हणजे काय, हे सोलेआवर नीट कळतं. सोलेआच्या मात्रा बारा, जोर 3, 6, 8, 10 आणि 12 वर. पहिला अर्धा तिनातिनांचा, दुसरा दोनदोनांचा. आपल्या एकतालाच्याही मात्रा बाराच, पण एकतालाचा सगळा ओढा पहिल्या मात्रेकडे, समेकडे. सोलेआचं वाक्य मिटतं दहावर. गिटार दहावर मूळ स्वरसंघावर, म्हणजे कॉर्डवर, येऊन टेकते, अकरा आणि बारा हा श्वास. मराठी कान इथेच फसतो. आपण एकावर सम शोधत राहतो आणि गाणं तीन मात्रा आधीच उतरून गेलेलं असतं. सवय करायची तर पहिले दोन-तीन दिवस गळ्याकडे लक्षच देऊ नये. मांडीवर बारा मोजावेत, दहावर हात थांबवावा. एकदा ते दहा अंगात बसलं की गायक काय करतोय ते दिसायला लागतं.

बुलेरियात जोर त्याच जागी, पण मोजणी बारापासून सुरू होते आणि वेग सोलेआच्या दुपटीहून जास्त. सेगिरियाही बाराच मात्रांची, पण कापलेली वेगळी: 2-2-3-3-2. फ्लामेंकोवाले ती पाच असमान ठोक्यांत मोजतात, तिसरा आणि चौथा ठोका लांब. तारांता आणि मालागेन्या यांना चक्रच नाही. तिथे गिटार गायकाच्या श्वासामागून जाते, आलापीत सारंगी जाते तशी. तांगोस चार मात्रांचे, टाळीत पहिली मात्रा मोकळी, टाळ्या 2, 3 आणि 4 वर. स्वर बहुतेकदा आपल्या भैरवी थाटाचे, फक्त मूळ स्वरसंघात गंधार शुद्ध. म्हणजे कंसात ‘तांगोस’ छापलंय आणि खाली गिटार आठांत 3-3-2 असा सलग झोडपत चाललीय, तर तो रुंबा आहे. रुंबा वाईट नव्हे. पण दिलेला शब्द मोडला, आणि अशी गल्लत दोन्ही तटांच्या लाडक्या अल्बमांत सापडते.

आता हे स्टुडिओत कुठे बिघडतं ते पाहू, कारण अल्बमचं बरंचसं भवितव्य तिथे ठरतं.

सोलेआची लेत्रा, म्हणजे कडवं, तीन किंवा चार ओळींची. गायक एखादी ओळ सरळ टाकतो, एखादी दोनदा घेतो, एखाद्या ओळीच्या शेवटी गळा खाली ओढत नेतो आणि चक्र ओलांडून जातो. गिटारवादक हे बघून आणखी एक आवर्तन वाजवतो, वाट पाहतो, आणि गायक उतरला की दोघं मिळून दहावर मिटवतात. शब्द गाताना लय किंचित मागे राहते, मिटवताना पुढे सरते. हे दोघं एका खोलीत, एकमेकांच्या तोंडाकडे बघत असतील तरच होतं. आजकाल अनेकदा होतं ते उलट. आधी मेट्रोनोमवर पाल्मास, म्हणजे टाळ्या. मग दुसऱ्या दिवशी गिटार. गायक शेवटी येतो, तेव्हा त्याला किती आवर्तनं मिळणार ते आधीच ठरलेलं असतं. त्याला ओळ परत घ्यावीशी वाटली तरी खाली जागा नसते. असं ध्वनिमुद्रण ऐकताना चूक काढता येत नाही, पण गाणंही कुठे घडत नाही. बुलेरिया हा प्रकार सहन करते, कारण ती वेगवान आणि बऱ्यापैकी समान चालीची. सोलेआ आणि सेगिरिया सहन करत नाहीत. आणि मालागेन्या मेट्रोनोमवर गायली असेल तर ती मालागेन्या उरतच नाही.

दुसरी जागा सूर सरळ करणाऱ्या सॉफ्टवेअरची. कान्तेमध्ये, म्हणजे या गायकीत, मूळ स्वरालगतचा कोमल रे एका ठिकाणी बसत नाही. तो खाली घसरत, थरथरत षड्जाकडे येतो. सॉफ्टवेअर त्याला जवळच्या अर्ध्या स्वरावर नेऊन ठेवतं. ओळखायचं असेल तर ‘आय’ या लांब हाकेचं शेपूट ऐकावं: उताराच्या जागी पायऱ्या ऐकू आल्या तर समजावं. तिसरी जागा आवाजाची पातळी दाबण्याची. केहीओ, म्हणजे ती फाटलेली आर्त हाक, काळजाला लागते कारण तिच्या आधी गायक जवळजवळ पुटपुटत असतो. पुटपुटणं आणि हाक एकाच उंचीवर आणून ठेवले की हाक नुसतीच मोठ्याने म्हटलेली राहते. आणि चौथी जागा टाळ्यांची. खऱ्या पाल्मासमध्ये एकजण पोकळ तळहातांनी दबक्या टाळ्या देतो, दुसरा बोटं तळव्यावर आपटून कडक, मात्रांच्या मधल्या फटीत. एकाच माणसाच्या दोन आवर्तनांच्या टाळ्या कापून सगळ्या गाण्याखाली चिकटवल्या की तिसऱ्या-चौथ्या फेरीत कान थकतो, आणि का थकला ते ऐकणाऱ्याला कळतही नाही.

या चारही बिघाडांचा विजेच्या वाद्यांशी काही संबंध नाही. नुसता गळा आणि गिटार असलेला, सेपिया रंगाच्या कव्हरचा ‘शुद्ध’ अल्बमही या चारही ठिकाणी मोडलेला असू शकतो, आणि संगणकावर रचलेली बुलेरिया बारावर तंतोतंत उभी असू शकते.

वाद्यं मोजण्याची सवय किती महाग पडते, याचं सगळ्यात मोठं उदाहरण 1979 चं आहे. गायक कामारोनने गिटारवादक पाको दे लुसियाबरोबर 1969 ते 1977 या काळात नऊ अल्बम केले होते आणि रसिक त्याला डोक्यावर घेऊन नाचत होते. मग रिकार्दो पाचोनच्या निर्मितीत ‘ला लेयेंदा देल तिएंपो’ आला. त्यात कवी लोर्काच्या कविता, इलेक्ट्रिक बास, ड्रम, सिंथेसायझर, बासरी. लोक दुकानात अल्बम परत घेऊन आले, हा कामारोन नव्हे म्हणाले. 1992 मध्ये कामारोन गेला तोवर त्याच्या सहा हजारही प्रती खपल्या नव्हत्या असं सांगितलं जातं. आज फ्लामेंकोच्या इतिहासातला सर्वांत महत्त्वाचा अल्बम म्हणून अनेकजण त्याचंच नाव घेतात.

परत करणाऱ्यांनी दहा गाण्यांचे पालो वाचले असते तर? त्यात पिनिनीच्या घराण्याच्या चालीतली कांतिन्यास आहे, कादिसची आलेग्रियास आहे, तांगोस आहेत, बुलेरिया एकाहून जास्त. रुंबा एक. ‘ला तारारा’ हे लोकगीत आणि शेवटची अंगाई सोडली तर अल्बम पारंपरिक चक्रांवरच उभा आहे. तोमातितोची गिटार आलेग्रियासमध्ये जशी मिटायला हवी तशी मिटते. रसिकांनी ड्रम ऐकला आणि पुढचं ऐकणं बंद केलं. नव्या वाद्यांचं कौतुक करणाऱ्यांनीही पुढे नेमकी तीच चूक उलट्या बाजूने केली. 1979 मध्ये सिंथेसायझर आला म्हणून हा अल्बम थोर, असं ते आजही लिहितात. त्यावेळी सिंथेसायझर लावलेले आणि आज कुणाला आठवत नसलेले अल्बम ढिगाने निघाले.

वाद्यांच्या बाबतीत शुद्धतेची व्याख्या किती झटपट बदलते, हेही पाहण्यासारखं आहे. काखोन, ती बसून वाजवायची लाकडी पेटी, मूळची पेरूची. पाको दे लुसियाने ती 1970 च्या दशकाच्या अखेरीस आपल्या संचात घेतली. आज कडव्यातल्या कडव्या रसिकाच्या पेन्यातही काखोन असतो आणि कुणी हरकत घेत नाही. ती टिकली कारण बुलेरियाच्या 12, 3, 6, 8, 10 या जागा तिच्यावर स्वच्छ वाजतात.

पाकोच्याच दोन अल्बमांवरून आणखी एक गोष्ट लक्षात येते. 1973 च्या ‘फुएंते इ काउदाल’ला प्रसिद्धी मिळवून दिली ती ‘एंत्रे दोस आग्वास’ या रुंबाने, बाँगो आणि बास असलेल्या. पण अल्बमला नाव दिलंय ते त्यातल्या तारांताचं, आणि गिटार शिकणारी मुलं पन्नास वर्षांनंतरही बसतात ती त्या तारांतापाशी. 1987 चा ‘सिरोको’ तर मला या मोजपट्टीचा आदर्श वाटतो. आठ रचना आणि आठही पालो वेगळे: तांगोस, रोंदेन्या, आलेग्रियास, रुंबा, बुलेरिया, मिनेरा, तांगियो, सोलेआ. एकही पालो दोनदा नाही. कंसातला प्रत्येक शब्द पाळलेला आणि प्रत्येकात हार्मनीची अशी काही वळणं की नंतरच्या पिढीला गिटार नव्याने शिकावी लागली. उलट 2014 मध्ये लॅटिन ग्रॅमीत ‘वर्षाचा अल्बम’ हा सर्वांत मोठा मान मिळाला तो पाकोच्या मरणोत्तर ‘कान्सिऑन आंदालुसा’ला. सुरेख अल्बम, पण तो कोप्ला या जुन्या लोकप्रिय गाण्यांचा, पालोंचा नाही. तो मान एका आयुष्याला दिला होता, आणि तो द्यायलाच हवा होता. फक्त त्यावरून ‘सर्वोत्तम फ्लामेंको अल्बम’ कसा असतो हे ठरवायला गेलं की गोंधळ होतो.

शुद्धतेच्या तटाकडे एक जुना पुरावा नेहमी काढला जातो: 1922 ची ग्रानादातली कान्ते होंदोची, म्हणजे जुन्या गहिऱ्या गायकीची, स्पर्धा. संगीतकार मानुएल दे फाया आणि तरुण लोर्का यांनी ती भरवली, कारण अस्सल गाणं मरतंय अशी त्यांना भीती होती. व्यावसायिक गायकांना मनाई केली. बक्षिसं मिळाली ती म्हाताऱ्या ‘एल तेनासास’ला आणि बारा वर्षांच्या मानोलो काराकोलला. पुढे काय झालं? काराकोल गायिका-नर्तकी लोला फ्लोरेसबरोबर नाटकमंडळी घेऊन स्पेनभर फिरला, ऑर्केस्ट्राच्या साथीने साम्ब्रा ही रंगमंचावरची गाणी गायला, आणि रसिकांनी त्याला त्याबद्दल बोल लावले. त्याच माणसाने 1958 मध्ये मेल्चोर दे मार्चेनाच्या गिटारवर जुन्या पालोंचा संग्रह ध्वनिमुद्रित केला आणि तो आजही शिकायला ठेवला जातो. एकाच गळ्यातून दोन्ही आले. काराकोल शुद्ध की भ्रष्ट, या प्रश्नाला उत्तर नाही. अमुक तबकडीवरची अमुक सेगिरिया खरी उतरली का, याला आहे.

हीच पट्टी 2018 ला लावून बघा. त्या वर्षी वाद सगळ्यात जास्त पेटला, कारण गायिका रोसालियाचा ‘एल माल केरेर’ आणि गायक निन्यो दे एल्चेचा ‘विधर्मी’ कान्तेचा संग्रह एकाच वर्षी आले. रोसालियावर दोन वेगळे आक्षेप होते आणि लोक ते एकत्र कालवत होते. पहिला जिप्सी समाजातल्या कार्यकर्त्यांचा: आमच्या समाजाची खूण पोशाखासारखी वापरून पैसा आणि नाव दुसऱ्याला मिळतं. हा आक्षेप गंभीर आहे, आणि त्याचं उत्तर श्रेय आणि मानधन यांतच द्यावं लागतं; बारा मात्रा बरोबर मोजल्याने ते मिळत नाही. दुसरा आक्षेप संगीताचा, तिथे मात्र ऐकूनच बोलायला हवं. त्या अर्ध्या तासाच्या अल्बममध्ये ला पाकेरा दे हेरेसच्या बुलेरियाचा तुकडा वापरलेलं गाणं आहे, आणि तिथे पाल्मास जिथे हव्यात तिथे आहेत. अल्बमचा बराच भाग मात्र पॉप आहे आणि तसं म्हणायला कुणी लाजू नये. माझ्या मते, फ्लामेंको म्हणून तोलायचा असेल तर रोसालियाचा 2017 चा ‘लोस आन्हेलेस’ जास्त तोलामोलाचा आहे: एक गळा, राउल रेफ्रीची गिटार आणि मरणाविषयीची गाणी. त्यातही गिटार ही खरी कमजोर बाजू; ती गायिकेला धक्का देते, पण दहावर मिटवून देत नाही.

निन्यो दे एल्चे स्वतःला माजी फ्लामेंको म्हणवतो. मग त्याला फ्लामेंकोच्या यादीत ओढून आणायचं आणि तिथे शिव्या घालायच्या, हा उद्योग कशाला? ज्याने शब्दच दिला नाही, त्याने तो मोडला असं म्हणता येत नाही. याउलट गायिका रोसिओ मार्केसने 2008 मध्ये ला उनियोनच्या महोत्सवात, खाणकामगारांच्या गाण्यांच्या त्या पंढरीत, ‘लांपारा मिनेरा’ हा सर्वोच्च मान मिळवला होता. तिने 2022 मध्ये ब्रोंकिओ या इलेक्ट्रॉनिक संगीतकाराबरोबर ‘तेर्सेर सिएलो’ हा इलेक्ट्रॉनिक अल्बम केला, तेव्हा तिला पालो येतात का हा प्रश्नच नव्हता. तिथे प्रत्येक गाण्यात मूळ पालोचा कुठला धागा ठेवला आणि कुठला मुद्दाम सोडला, हे बोटाने दाखवत बोलता येतं. वर्षाच्या अल्बमवर भांडायचं तर असं भांडावं.

यावर एक वजनदार प्रतिवाद आहे. पालो काय आकाशातून पडले? बुलेरिया जुन्या सोलेआतून वेग घेत तयार झाली. कोलोंबियाना हा पालो तर गायक पेपे मार्चेनाने 1930 च्या दशकाच्या सुरुवातीला स्वतः घडवली. मग आजच्या गायकाला कंसातल्या शब्दाने का बांधायचं? बांधू नयेच. नवा पालो काढावा, त्याला नाव द्यावं. पण कोलोंबियाना आज नव्वद वर्षांनंतरही गायली जाते ती तिच्यात दुसऱ्याला उचलून गाता येईल अशी चाल आणि शिस्त होती म्हणून. नव्या अल्बममधलं बिननावाचं गाणं दुसऱ्या गायकाला गाता येईल का, हा प्रश्न विचारला की बरीच धूळ खाली बसते.

उरतो तो ‘वर्ष’ या शब्दाचा घोळ. फ्लामेंकोचं काम कॅलेंडरवर चालत नाही. हेरेस किंवा उत्रेरा अशा फ्लामेंकोच्या गावांतला एखादा गायक दहा वर्षांत एक अल्बम करतो. काहीजण करतच नाहीत, त्यांचं गाणं रात्री दोन वाजता पेन्यातच असतं. स्ट्रीमिंगने ही दरी वाढवली आहे. स्पॉटिफायवर गाणं तीस सेकंद वाजलं तर ऐकलं असं धरतात, आणि 2024 पासून बारा महिन्यांत हजाराहून कमी वेळा वाजलेल्या गाण्याला पैसेच मिळत नाहीत. पारंपरिक सोलेआत गिटारची प्रस्तावना, मग गायकाचा गळा लावण्याचा ‘आय’, आणि पहिला शब्द यायला कधी कधी मिनिट जातं. त्यामुळे प्रस्तावना कापायची, गळा पहिल्या सेकंदाला आणायचा, असा दाब निर्मात्यांवर येतो. गळा तापलेलाच नसताना पहिली ओळ येते. यादी करणाऱ्यांनी निदान हे ओळखून ऐकावं. आणि यादीवर लिहावं की ही ध्वनिमुद्रणांची यादी आहे, त्या वर्षीच्या गाण्याची नव्हे.

मतदान दोनदा घ्यावं. एकदा डिसेंबरात, आणि त्याच वर्षावर पाच वर्षांनी पुन्हा. 1979 च्या अल्बमला पहिल्या फेरीत काय मिळालं असतं ते सांगायला नको. गायक मोरेन्तेने 1996 मध्ये ‘लागार्तिखा निक’ या रॉक बँडबरोबर लोर्का आणि लेनर्ड कोहेन गाऊन केलेल्या ‘ओमेगा’वरही तेव्हा अशीच आग पाखडली गेली, आणि आज तो अल्बम वगळून त्या दशकाबद्दल बोलताच येत नाही. दुसरं, गाणं आणि गिटार यांचे अल्बम एका रांगेत उभे करू नयेत. गिटारचा अल्बम रचनेवर तोलला जातो, कान्तेचा त्या क्षणी गळ्यात काय झालं यावर. तिसरं, मत देणाऱ्याने प्रत्येक अल्बममधला एक पालो निवडावा आणि तो जुन्या ध्वनिमुद्रणाशेजारी ठेवून ऐकावा. सेगिरिया असेल तर मानुएल तोर्रेशेजारी, सोलेआ असेल तर तोमास पाव्होनशेजारी, मालागेन्या असेल तर आन्तोनियो चाकोनशेजारी. ती मुद्रणं तीन-साडेतीन मिनिटांची, खरखरीत, त्यामुळे पहिल्या वेळी फक्त ओळी कुठे मिटतात तेवढंच ऐकावं. चाळीस मिनिटांचा अल्बम तीनदा ऐकायला दोन तास लागतात: एकदा हाताने मात्रा धरून, एकदा शब्दांसाठी, एकदा फक्त गिटार गायकाला काय देते यासाठी. दोन तास द्यायचे नसतील तर मत देऊ नये.

आणि स्ट्रीमिंग सेवांकडे एक मागणी रसिकांनी आणि कलाकारांनी मिळून लावून धरावी. गाण्याच्या माहितीत पालोला स्वतंत्र रकाना हवा, आणि गिटारवादकाबरोबर पाल्मास देणाऱ्यांची नावंही हवीत. आज कित्येकदा पडद्यावर गाण्याचं नाव आणि गायकाचं छायाचित्र एवढंच दिसतं, कंस गेलेला असतो. ‘ला लेयेंदा देल तिएंपो’चं शेवटचं गाणं तिथे लावून बघा. ‘नाना देल काबायो ग्रांदे’, लोर्काच्या शब्दांवरची. सुरुवातीलाच सेव्हियाच्या ग्वालबेर्तोची सतार ऐकू येते, आणि मराठी कान तर आधी सतारीकडेच वळणार. पण नाना म्हणजे अंगाई. तिला बाराचं चक्र नाही, पाळणा आपल्या लयीत झुलतो, आणि कामारोन ती शेवटच्या ओळीपर्यंत अंगाईसारखीच गातो. सतार मागे स्वर धरून असते.